रुकय्या सिस्टरचा कागद

सबजेलच्या फाटकात मी रुकय्या सिस्टरना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पहाऱ्यावरच्या हवालदाराला वजनकाट्यावर उभं करत होत्या. बाहेरची वस्तू आत नेता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. सिस्टरनी कापडी पिशवीतून तो चपटा काटा काढला, पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "बग, तुला चावतो का. उभा ऱ्हा." तो गडबडला आणि बुटांसकट उभा राहिला. "शहाऐंशी. बुटाचा एक सोड. पोट कमी कर रं, गुडघे जातील." बाजूचे दोघे शिपाई हसले, आणि त्या हसण्यात काटा आत गेलासुद्धा. मी मागेच उभा होतो. माझ्या हातात तुरुंग नियमावली होती, तिच्या पानोपानी मी खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

मी खालापूरच्या कोर्टात वकिली करतो. तुरुंगात काय चाललंय ते तुरुंगाबाहेरच्या माणसांनी जाऊन बघावं, म्हणून सरकार एक अभ्यागत मंडळ नेमतं. अध्यक्ष न्यायाधीश, सोबत काही अधिकारी, आणि आमच्यासारखी एकदोन साधी माणसं. महिन्यातून एकदा आगाऊ न कळवता जायचं, कैद्यांशी बोलायचं, जेवण, पाणी, संडास, औषधं डोळ्यांनी बघायची आणि लिहून कळवायचं. त्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला होता. सिस्टरनी अर्ज केलाच नव्हता. एका जुन्या खटल्यात त्यांनी दिलेली साक्ष मंडळाच्या अध्यक्ष असलेल्या न्यायाधीश मॅडमच्या लक्षात राहिली होती, म्हणून त्यांनीच नाव सुचवलं. आमची नेमणूक एकाच पत्राने झाली. पत्रात त्यांचं नाव वर होतं, माझं खाली. ते पत्र मी किती वेळा उघडून पाहिलं, ते आता सांगायला लाज वाटते.

सिस्टर कर्जतच्या. नदीच्या अंगाला त्यांच्या भावाचं घर, तिथे त्या राहायच्या. मूळचं कुटुंब खाडीकडचं, कोकणी मुसलमान. पण तीन पिढ्या कर्जतमध्ये काढल्यामुळे बोलणं पार इकडचं झालेलं. माथेरानच्या डोंगराखालच्या एका आरोग्य केंद्रात त्यांनी नर्स म्हणून सारी नोकरी काढली. वाड्यावाड्यांतून पायी फिरून बाळंतपणं केली. नवरा तरुणपणीच गेला, मूल नव्हतं. डोक्यावर ओढणी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि चालताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. आम्ही ज्या सबजेलला जायचो ते जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका तालुक्याचं. त्याचं नाव लिहीत नाही. सिस्टर कर्जतहून टेंपोने चौक गावच्या फाट्यापर्यंत यायच्या, तिथून मी त्यांना माझ्या गाडीत घ्यायचो. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न नेहमीचा, "वकीलसाहेब, काय खाल्लंत?" मी काही खाल्लेलं नसलं तर पिशवीतून डबा निघायचा. मी तो खायचो. खातानासुद्धा मनातली अढी जात नसे.

आत गेल्यावर माझी पद्धत ठरलेली. कैद्यांना ओळीत बसवायचं, स्वतःची ओळख करून द्यायची, कायद्याने त्यांना कोणकोणते हक्क आहेत ते सांगायचं आणि मग मोठ्याने विचारायचं, "कोणाची काही तक्रार?" ओळीतून एकसुरात उत्तर यायचं, "नाय साहेब." मी लिहायचो, 'तक्रार नाही.' सिस्टर तक्रारीचा शब्द काढत नसत. कोपऱ्यात काटा मांडायच्या आणि एकेकाला बोलवायच्या. "ये रं. घरी कोन कोन हाय? आई हाय? भेटाय येती? जीभ काढ. नखं दाव." आणि वहीत आकडा. एका माणसाला चार-पाच मिनिटं. मला ते बघून कंटाळा यायचा. परत येताना मी एकदा म्हणालोही, "सिस्टर, हे काम डॉक्टरचं. आपण देखरेख करायला जातो."

"तोंडावर शिपाई उभा असला की तोंड काय बोलनार?" त्या म्हणाल्या. "अंग बोलतं. ते गप नाय बसत."

तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या गावी मंडळाची बैठक झाली. मी अकरा पानांचा अहवाल नेला होता, कलमांसकट. सिस्टरनी वहीचं एक पान फाडून आणलं होतं. त्यावर नावं, आणि नावापुढे तीन महिन्यांची तीन वजनं, बस. मॅडमनी माझा अहवाल बाजूला ठेवला आणि ते पान वाचत राहिल्या. पहिल्या बराकीतली माणसं होती तशीच होती. दुसऱ्या बराकीत चार जण वाढत चालले होते आणि सात जण दर महिन्याला उतरत होते. उतरणारे सगळे आदिवासी वाड्यांवरचे. "याचा अर्थ काय?" मॅडमनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "जेवन आत जातंय बराबर. आत गेल्यावर चौघं जेवतात, बाकीचे बगतात." चौकशी झाली आणि तेच निघालं. त्या बराकीत एका दांडग्या आरोपीचा दरारा होता, भाकरी त्याच्या हातून वाटली जायची, आणि पहारेकऱ्यांना ते सोयीचं होतं. त्या चौघांना दुसरीकडे हलवलं. माझ्या अहवालावर मॅडम म्हणाल्या, "छान लिहिलंय, सवडीने वाचते."

त्या दिवशी परतताना सिस्टर गाडीत झोपून गेल्या. मी चौकपर्यंत मनातल्या मनात एकटाच त्यांच्याशी भांडत होतो.

पुढे एकदा त्यांना ताप होता म्हणून मी एकटा गेलो. मुद्दाम नवा, आकडे उजळणारा काटा विकत घेतला होता. कैदी काट्यावर उभे राहिले, जीभ काढा म्हटलं तर जीभ काढली. मी विचारलं, "घरी कोण कोण आहे?" एक म्हातारा कैदी म्हणाला, "सिस्टर नाय आल्या?" मग दुसऱ्यानेही तेच विचारलं. तो काटा मी नंतर कधी नेला नाही.

लहू वाघमारे आमच्या खालापूरच्याच एका आदिवासी वाडीतला. खोपोलीकडच्या एका बंद कारखान्यातून तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून आत आलेला. जामीन मंजूर होता, पण जामीनदार म्हणून उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून महिनोन् महिने आत. वय पंचवीसच्या आसपास, अंगाने काटक. सिस्टरनी त्याला जीभ काढायला सांगितली आणि त्या थांबल्या. जिभेच्या कडेला चावल्याच्या जखमा होत्या, एक जुनी, एक ताजी.

"फिट येती का रं तुला?"

लहू हळूच म्हणाला, "आईनं गोळ्या दिल्या व्हत्या गेटवर. मला नाय भेटल्या."

सिस्टर तडक फाटकाकडे गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. ड्युटीवरच्या हवालदाराला म्हणाल्या, "खन उघड." टेबलाच्या खणात, जुन्या पावत्यांखाली, गोळ्यांची पुडी होती तशी. तो म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी नाही, चिठ्ठीशिवाय गोळ्या देता येत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, मग त्याला डॉक्टरकडे न्या. तो म्हणाला, गाडी नाही, गार्ड नाही. शेरा लिहायला अभ्यागतांची नोंदवही मागितली तर ती साहेबांच्या कपाटात, आणि साहेब बैठकीला. शेवटी सिस्टरनी पायरीवर बसून आपल्या वहीच्या कागदावर लिहिलं: लहू वाघमारे याला फिट येते, गोळ्या बंद आहेत, आजच इस्पितळात न्यावं, तोपर्यंत हौदावर किंवा संडासात एकटं सोडू नये. खाली सही आणि तारीख. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "उद्या सकाळी मॅडमच्या हापिसात देताय ना? तुमचं तितल्या कोर्टात येनं-जानं असतं. माझ्यानं परत येवडं येनं नाय व्हायचं." मी म्हणालो, "देतो."

दुसऱ्या दिवशी मला वेळ होता. तरी मी कागद दिला नाही.

हे मी बऱ्याच जणांना वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलं आहे; इथे खरं तेवढंच लिहितो. तो कागद मी रात्री घरी वाचला. सात ओळी. मला दिसलं की या सात ओळींवर मॅडम पुन्हा तशाच थांबणार, पुन्हा सिस्टरचं नाव निघणार, आणि मी कागद पोचवणारा शिपाई ठरणार. मी ठरवलं, यावर सविस्तर अहवाल करू. कोठडीतल्या कैद्याच्या आरोग्याचा हक्क, निवाडे, शिफारसी, सगळं. खाली माझी सही, आणि सिस्टरचा कागद सोबत जोडलेला. त्याला दोन दिवस लागले. मग टंकलेखक रजेवर गेला. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. "दिलात ना कागद?" मी म्हणालो, "हो."

पाचव्या दिवशी दुपारी मी तो गठ्ठा मॅडमच्या कार्यालयात दिला. कारकुनाने वर आवक शिक्का मारला. पायऱ्या उतरत असताना सिस्टरचा फोन वाजला. लहू सकाळीच हौदावर एकटा पाणी घ्यायला गेला होता. फिट आली, हौदाच्या काठावर डोकं आपटलं. किती वेळ पडून होता ते कुणी सांगेना. जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तिथून मुंबईला.

तो जगला. पण उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाल्यासारखे झाले, आणि शब्द तोंडात अडकायला लागले.

चौकशी एका दंडाधिकाऱ्यांपुढे लागली. तुरुंगाच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाने हातात एकच गोष्ट धरली: आवक शिक्का. कागदावर बाईंनी तारीख पाच दिवस आधीची टाकली आहे, पण कागद आला तो अपघात झाल्यावर. म्हणजे बाईंनी तो मागाहून लिहिला आणि माझ्या अहवालाला जोडायला दिला. खणातल्या गोळ्या? त्याचा साक्षीदार फक्त बाईच. हवालदार म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नाही. माझा जबाब अजून व्हायचा होता. मी मागच्या बाकावर होतो. सिस्टर उभ्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांना विचारलं, "कागद त्याच दिवशी लिहिला तर पाच दिवस होता कुठे? कोणाकडे, कधी दिलात?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाल्या, "साहेब, मला पुढची तारीख द्या. तवा सांगते."

त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे थोडा आनंद झाला. गेली दोन वर्षं ज्या बाईचा शब्द कुणी ताडून पाहत नव्हतं, तिच्यावर आज भर सभेत खोटेपणाचा संशय घेतला जात होता. तो आनंद फार वेळ टिकला नाही. पण झाला होता, हे खरं.

दोन दिवसांनी सकाळी सिस्टर माझ्या खालापूरच्या ऑफिसात आल्या. दोन वर्षांत प्रथमच. अशील बसतात त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या.

"मी तुमचं नाव घेनार नाय," त्या म्हणाल्या.

"का?"

"मी घेतलं तर ते म्हनतील, बाई आपलं दुसऱ्यावर ढकलती. तुमी सोताहून बोललात तर खरं धरतील. गोळ्यांचं पन मग खरं धरतील. तुमी तितं उभे व्हतात, मी खन उघडाय लावला तवा."

मी वकील. साक्षीचं मोल कशाने वाढतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण ते त्यांना माझ्या आधी सुचलं होतं, आणि त्याही घडीला मला ते बोचलं.

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आलाय तर. भांडी घासताना येतो, नमाजाला बसले तरी येतो. तो मी बगीन नंतर. आदी लहूचं." मग चष्मा पुसत विचारलं, "पन का ठेवलात वो कागद?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, "तुमचा हेवा वाटायचा मला."

सिस्टर खरोखर चकित झाल्या. "माझा?" त्या म्हणाल्या. "म्हातारी बाई मी. दुखऱ्या गुडघ्याची." मग चष्मा डोळ्यांवर चढवला. उठताना म्हणाल्या, "बोलायचं व्हतंत. बैठकीत तुमीच वाचा म्हनले असते. मला कुटं तितं बोलायची हौस हाय?"

पुढच्या तारखेला मी उभा राहिलो आणि सांगितलं. गोळ्या खणात पाहिल्या, हवालदाराला सिस्टरनी माझ्यासमोर बजावलं, कागद माझ्याकडे होता, आणि पाच दिवस तो मी दिला नाही. कारण विचारलं. तेही सांगितलं. समोरचा वकील खाली बसला. कोर्टात गेली बावीस वर्षं ज्यांच्यासोबत चहा घेत होतो त्यांनी त्या दिवशी माझ्या टेबलाकडे येणं टाळलं.

निकाल चांगला लागला, असं म्हणायचं. हवालदार निलंबित झाला. निष्काळजीपणा तुरुंगाचा ठरला, आणि अहवालात एक परिच्छेद माझ्यावरही आला. लहूची जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सुटका झाली, उपचार सरकारकडून. जिल्ह्यातल्या सबजेलांना लेखी सूचना गेली: नवा कैदी आला की पहिल्या दिवशी डॉक्टरची तपासणी, आणि फाटकावर आलेल्या औषधाची नोंद त्याच दिवशी. मला मंडळातून काढलं. सिस्टर राहिल्या.

त्यानंतर त्यांनी मला कधी फोन केला नाही, मीही केला नाही. माझ्या जागी कॉलेजात शिकवणारी एक बाई नेमली गेली. एकदा चौक फाट्यावर माझी गाडी उभी होती आणि पलीकडे त्या बाईच्या स्कूटरवर सिस्टर मागे बसत होत्या. पाय टाकता येईना, तर दोघी हसत होत्या. सिस्टरनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातात दिला. मी काच वर केली. पूर्वी मला सिस्टरची जागा हवी होती. त्या दिवशी मला त्या स्कूटरवालीची जागा हवीशी वाटली, आणि ही जळजळ पहिलीपेक्षा जास्त होती. कारण ती जागा माझी होऊन गेली होती.

गेल्या थंडीत सिस्टर गेल्या. काविळीचं निमित्त झालं. बातमी मला कोर्टात एका कारकुनाने सांगितली. मी कर्जतला पोचलो तेव्हा मय्यत घराबाहेर आणली होती. मोहल्ल्यातली माणसं होतीच, पण गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस जण वेगळे उभे होते, कामावरच्या कपड्यांत, एकमेकांना न ओळखणारे. सिस्टरचे भाऊ त्यांच्याजवळ जाऊन विचारत होते, "तुमी कुटले?" आम्ही तुरुंगात होतो, असं कोण सांगणार? एक जण म्हणाला, "सिस्टर आमाला वळकायच्या." भावांनी आणखी काही विचारलं नाही, पुढे यायला वाट करून दिली. त्यांतल्या निम्म्या तरी लोकांची नावं मला पाठ होती. मी त्यांना हक्क समजावून सांगितले होते. त्यांतल्या एकानेही मला ओळखलं नाही.

कबरस्तानात माती द्यायला लहू आला होता. डाव्या हाताने त्याने तीन वेळा माती टाकली, दर वेळी वाकताना कुणीतरी त्याला धरत होतं. लोक पांगल्यावर तो पाय ओढत सरळ माझ्याकडे आला. मी मागे सरलो नाही; पण सरावंसं वाटलं.

"सिस्टर लई वेळा म्हनल्या," तो म्हणाला. एकेक शब्द त्याला लोटून बाहेर काढावा लागत होता. "वकिलाशी येकदा बोल. म्हनल्या, खरं बोलला तो. मी नाय बोललो. त्या व्हत्या तवर नाय बोललो."

त्याने तोंड पुसलं.

"आता त्यांचं सांगनं ऱ्हाऊन नको जायला," तो म्हणाला. "चहा पिनार?"

तो माझ्यासाठी आला नव्हता, हे मला पक्कं कळत होतं. माझ्या वाट्याला आलेलं हेदेखील सिस्टरमुळेच आलं होतं, आणि मला त्यांचा हेवा वाटला, तिथे, ताज्या मातीशेजारी उभा असतानाही. तरी मी गेलो. स्टेशनजवळच्या एका टपरीवर आम्ही बाकड्यावर बसलो. लहू बराच वेळ बोलला, सगळं सिस्टरबद्दल. मी मध्ये एकदाही बोललो नाही. एका शब्दावर तो अडकला, तो शब्द मला ठाऊक होता, तरी पुरवला नाही. त्याला तो सापडेपर्यंत मी थांबलो.